सेलाजिनेलाचे १९ वंश : वंशवृक्ष काय सांगतो आणि काय सांगत नाही

वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत सेलाजिनेलाच्या शंकूचा उभा छेद असतो. एका बीजाणुधानीत चार मोठे बीजाणू, दुसरीत बारीक बीजाणूंची गर्दी, आणि पानाच्या बुडाशी बाणाने दाखवलेली छोटीशी जिव्हिका. परीक्षेत आपण 'सेलाजिनेला' एवढंच लिहितो, जात कुठली ते सहसा कोणी विचारत नाही.

२०२३ साली 'प्लांट डायव्हर्सिटी' या नियतकालिकात शिन-माओ झोउ आणि ली-बिंग झांग यांचा सेलाजिनेलाच्या कुलावर एक मोठा शोधनिबंध आला. त्यांनी सेलाजिनेला या एका वंशाचे १९ वंश केले, सात उपकुलांत वाटलेले. त्या १९ पैकी नऊ वंश अगदी नवे आहेत. हे मान्य केलं, तर वहीतल्या त्या आकृतीखाली नुसतं 'सेलाजिनेला' लिहून भागणार नाही.

आजची पोस्ट या निबंधावर आहे. माझं मत आधीच सांगते. यातला वंशवृक्ष मला पटतो, पण त्यावर उभारलेलं वर्गीकरण पटत नाही. एकाच निबंधातली एक गोष्ट पटणं आणि दुसरी न पटणं यात विसंगती नाही. संशोधनाच्या तयारीला लागला असाल, पेटची किंवा नेटची तयारी करत असाल, तर वर्गीकरणाचा निबंध हातात घेतल्यावर हे दोन भाग वेगळे करायची सवय आत्ताच लावून घ्या. पुढे खूप वेळ वाचतो.

शब्दांबद्दल एक खुलासा करते, नाहीतर गोंधळ होईल. मराठीत 'प्रजाती' हा शब्द काही पुस्तकांत वरच्या पातळीसाठी येतो, तर वर्तमानपत्रांत तोच खालच्या पातळीसाठी. म्हणून मी तो वापरणारच नाही. सेलाजिनेला, लायकोपोडियम हे 'वंश'. त्यांच्या आतल्या त्या 'जाती'. जातीच्या नावात दोन शब्द असतात, आणि त्यातला पहिला शब्द वंशाचा. हा पहिला शब्द लक्षात ठेवा, कारण सगळा वाद त्याच्यावरच आहे.

ही झाडं कोणती?

इंग्रजीत यांना क्लबमॉस म्हणतात, पण ही शेवाळी नव्हेत. यांच्यात पाणी-अन्न वाहून नेणाऱ्या वाहिन्या असतात. पानं छोटी, सहसा एकच शीर असलेली. बीजाणुधानी पानाच्या वरच्या बाजूला किंवा पानाच्या बेचक्यात. आज जिवंत असलेल्यांची तीन कुलं आहेत: लायकोपोडियमचं, सेलाजिनेलाचं आणि आयसोएटिसचं. पहिल्या कुलात सगळे बीजाणू एकाच आकाराचे असतात. बाकीच्या दोन कुलांत बीजाणू दोन आकारांचे असतात आणि पानावर जिव्हिकाही असते. कार्बोनिफेरस काळातल्या दलदलीत उभी असलेली लेपिडोडेंड्रॉनची प्रचंड झाडं, ज्यांच्यापासून युरोप-अमेरिकेतला बराचसा दगडी कोळसा झाला, ती याच घराण्यातली. त्यांचा आजचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे पाचगणीच्या पठारावर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उगवणारं, गवतासारखं दिसणारं आयसोएटिस.

या तीन कुलांचा हिशोब २०१६ च्या 'पीपीजी-१' या वर्गीकरणात मिळतो. नेच्यांवर आणि या गटावर काम करणाऱ्या जगभरच्या ९० हून जास्त संशोधकांनी मिळून ते केलं. त्यातले आकडे असे: लायकोपोडियमच्या कुलात साधारण ३९० जाती आणि १६ वंश. आयसोएटिसच्या कुलात साधारण २५० जाती आणि एकच वंश. सेलाजिनेलाच्या कुलात साधारण ७०० जाती, तिथेही एकच वंश.

आकडे पुन्हा वाचा. ३९० जातींना १६ वंश आणि ७०० जातींना एक. काहीतरी खटकतंय ना? झोउ आणि झांग यांनाही तेच खटकलं.

फोडणं भाग पडतं तेव्हा

वंश फोडायची वेळ खरोखर कधी येते, ते आधी बघू. माझ्या मते तीन उदाहरणं पुरतात.

पहिलं उदाहरण लिनियसचं. १७५३ मध्ये त्याने लायकोपोडियम हा वंश केला आणि तो शेवाळ्यांमध्ये ठेवला. आज आपण जिला सेलाजिनेला सेलाजिनॉइडिस म्हणतो, ती जातही त्याने लायकोपोडियममध्येच घातली होती. आता नाती बघा. सेलाजिनेलाचं जवळचं नातं आयसोएटिसशी आहे, लायकोपोडियमशी नाही. म्हणजे लिनियसच्या वंशात एका पूर्वजाचे काही वंशज आत होते आणि आयसोएटिस बाहेर. असा गट मोनोफायलेटिक नसतो. मोनोफायलेटिक म्हणजे एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज, एकही न वगळता. १८०५ मध्ये पालिसो द बोव्हाने सेलाजिनेला वेगळी काढली, तेव्हा त्याच्याकडे डीएनए वगैरे काही नव्हतं. पण त्याने काढलेली रेघ टिकली, कारण ती नात्याला धरून होती.

दुसरं उदाहरण आपल्या पाठ्यपुस्तकांतलं. 'नेचे आणि नेच्यांचे सोबती' असा एक गट आपण शिकतो. या सोबत्यांत लायकोपोडियम, सेलाजिनेला, इक्विसेटम, सायलोटम हे सगळे एका रांगेत बसवलेले असतात. १९९२ मध्ये रॉबसन आणि जॅन्सन यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की हरितलवकाच्या डीएनएमधला सुमारे ३०,००० अक्षरांचा एक तुकडा नेच्यांत, इक्विसेटममध्ये, सायलोटममध्ये आणि बियांच्या सगळ्या झाडांत उलटा फिरलेला आहे. लायकोपोडियमच्या घराण्यात मात्र तो शेवाळ्यांत असतो तसाच, सरळ आहे. याचा अर्थ, वाहिन्या असलेल्या जिवंत वनस्पतींतली सर्वांत जुनी फाटाफूट या घराण्याची आणि बाकी सगळ्यांची. मग २००१ मध्ये प्रायर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये इक्विसेटमला आणि सायलोटमला नेच्यांच्याच घरात नेऊन बसवलं. आंब्याचं झाड आणि नेचे यांचं नातं हे नेचे आणि सेलाजिनेला यांच्या नात्यापेक्षा जवळचं आहे. 'सोबती' हा गट मोडणं भागच होतं.

तिसरं उदाहरण रस्त्याकडेची बाभूळ. जुन्या पुस्तकांत ती अकेशिया निलोटिका आहे, आता व्हाचेलिया निलोटिका. खैरही अकेशियातून निघून सेनेगालिया झाला. जुना, मोठा अकेशिया मोनोफायलेटिक नव्हता, म्हणून तो फोडावा लागला. पण मग 'अकेशिया' हे नाव कोणाकडे राहणार? नियमाने नाव टाइपबरोबर जातं. टाइप म्हणजे ज्या जातीला ते नाव कायमचं बांधलेलं असतं, ती जात. इथे टाइप होती आपली बाभूळच. ऑस्ट्रेलियात अकेशियाच्या जवळजवळ हजार जाती आहेत, त्या सगळ्यांची नावं बदलायला नकोत म्हणून २००५ च्या व्हिएन्ना काँग्रेसमध्ये ऑस्ट्रेलियातली जात टाइप ठरवण्यात आली. त्यावरून प्रचंड भांडण झालं आणि २०११ मध्ये मेलबर्नला ते पुन्हा उकरून काढलं गेलं. निर्णय मात्र तोच राहिला. आफ्रिका आणि आशियाच्या वाट्याला नवी नावं आली.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. जुना गट नात्यात बसत नव्हता. तसाच ठेवला असता तर चुकीची माहिती पुढे जात राहिली असती.

सेलाजिनेलाची गोष्ट वेगळी का?

कारण सेलाजिनेला आहे तशीच मोनोफायलेटिक आहे. यावर वाद नाही. २०२३ च्या निबंधातही नाही, त्याआधीच्या कुठल्याही मोठ्या निबंधात नाही. म्हणजे वंशवृक्ष 'फोडा' असं म्हणत नाही. 'एक ठेवा' असंही म्हणत नाही. तो फक्त कोण कोणाचं जवळचं ते सांगतो. रेघ कुठल्या उंचीवर मारायची हे माणसं ठरवतात.

हे मी हवेत बोलत नाही. २०१५ मध्ये याच दोघांनी सेलाजिनेलाचं एक वर्गीकरण 'टॅक्सॉन'मध्ये दिलं होतं: वंश एक, उपवंश सहा, त्याखाली १८ विभाग. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या वेस्टस्ट्रँड आणि कोराल यांनी आपला वंशवृक्ष काढला. दोन्ही वृक्षांच्या मुख्य फांद्या बऱ्याच जुळतात. पण त्यांनी उपवंश सात केले, आणि त्यांच्या एकट्या स्टॅकिगिनँड्रम या उपवंशातच साधारण ६०० जाती येतात. नाती जवळजवळ तीच, रेघा वेगळ्या. आता २०२३ चा निबंध बघा. त्यातली सात उपकुलं म्हणजे आधीचे सहा उपवंश आणि एक 'सायनेन्सिस' गट, हे लेखक स्वतःच सांगतात. म्हणजे २०१५ ते २०२३ मध्ये मुख्य सांगाडा फारसा हललेला नाही. बदलली ती पायरी: उपवंश होते, ते उपकुल झाले.

पायरी बदलली की नाव बदलतं. उपवंश कितीही हलवा, झाडाचं दोन शब्दांचं नाव तसंच राहतं. वंश हलवला की पहिला शब्द जातो. म्हणून या बदलासाठी कारण भक्कम लागतं. निबंधात कारणं काय दिलीत?

लेखकांचं म्हणणं आणि त्यातल्या कच्च्या जागा

आधी जे चांगलं आहे ते. ६८४ नमुने, साधारण ३०० जाती, आधीच्या सर्वांत मोठ्या अभ्यासापेक्षा ७४ टक्के जास्त. डीएनएचे सहा भाग घेतलेत, त्यात हरितलवकातलेही आहेत आणि केंद्रकातलेही. दोन्हींचे वृक्ष एकमेकांशी जुळतात, आणि हे महत्त्वाचं आहे. हरितलवकाचा सगळा डीएनए एकत्र वारसाने येतो, त्यामुळे त्यातले पाच भाग घेतले तरी साक्षीदार एकच. केंद्रकातला भाग हा स्वतंत्र साक्षीदार. दोघं एकच सांगत असतील तर विश्वास वाढतो. शिवाय १९ वंश ओळखायची किल्ली आहे, छायाचित्रं आहेत, कुठली जात कुठे जाते याची यादी आहे. एवढं काम करून ठेवलेला निबंध कोणीही बाजूला टाकू नये.

आता शंका.

पहिली, आकाराची. लेखक म्हणतात, ७५० हून जास्त जाती एकाच वंशात असणं ही या वनस्पतींमध्ये अनोखी परिस्थिती आहे. अनोखी असेलही, पण मोठा असणं हा वंशाचा दोष कसा? नेच्यांमध्ये अस्प्लेनियमच्याही साधारण ७०० जाती आहेत. फुलझाडांत सोलॅनमच्या, म्हणजे आपल्या वांग्या-बटाट्याच्या वंशात हजाराच्या वर जाती आहेत, ॲस्ट्रॅगॅलसमध्ये त्याहून कितीतरी जास्त. त्यांचा अभ्यास अडलेला नाही. आणि एका कुलात एकच वंश असणं हा प्रश्न असेल, तर तो आयसोएटिसलाही लागू होतो. तिथे कोणी १० वंश करा म्हणत नाही.

दुसरी, वयाची. ही घराणी फार जुनी आहेत, सेलाजिनेलासारखे जीवाश्म कार्बोनिफेरसपासून, म्हणजे ३० कोटी वर्षांपासून मिळतात, मग एवढ्या जुन्या गटाला एक वंश कसा पुरेल, असं या चर्चेत बरेच जण बोलून दाखवतात. ऐकायला बरोबर वाटतं. पण वयावरून पायरी ठरवायचा नियम वनस्पतिशास्त्रात कुठेही नाही. तसा नियम केला, तर गवतांचे आणि सूर्यफुलाच्या कुलातले कित्येक वंश एकत्र करून टाकावे लागतील, कारण ते त्या मानाने कालपरवाचे आहेत.

तिसरी शंका मला सर्वांत जड वाटते. लेखक स्वतः लिहितात की बहुतेक बाह्य लक्षणं प्रचंड होमोप्लास्टिक आहेत. होमोप्लसी म्हणजे एकच लक्षण वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे उगवणं किंवा जाऊन पुन्हा येणं. काही लक्षणं, किंवा लक्षणांचे संच, मोठ्या गटांना नीट ओळखू देतात, हेही ते लगेच सांगतात. ठीक. पण वंशवृक्षात आहेत साधारण ३०० जाती. एकूण ७५० धरल्या तर ४०% झाल्या. उरलेल्या ४५० चं काय? त्यांचा डीएनए या वृक्षात नाही, तेव्हा त्या १९ वंशांपैकी कुठे जातात हे बाह्यरूपावरूनच ठरवावं लागतं. आणि बाह्यरूप फसवं आहे हे तर निबंधच सांगतोय. उपवंशात एखादी जात चुकीच्या खणात पडली, तर पुढच्या अभ्यासात ती गुपचूप दुसरीकडे हलवता येते. वंशात चुकीची पडली तर तिला एक नवं नाव मिळतं, आणि मग दुरुस्तीचं आणखी एक.

चौथी, सायनेन्सिस गटाची. निबंधात हा गट पल्विनिएला उपवंशाचा जवळचा भाऊ ठरतो, पण तीनपैकी दोन विश्लेषणांमध्ये. तिसऱ्यात तेवढा भक्कम आधार नाही. असं वाक्य आलं की थांबा आणि विचारा, तिसऱ्यात काय झालं? सेलाजिनेलाच्या हरितलवकाचा डीएनए एकंदरीतच विचित्र आहे. बहुतेक झाडांत त्यातलं जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आत असतं, इथे ते ५० च्या वर जातं. त्यात सायनेन्सिस गटात बदल फार वेगाने साचलेत, त्यामुळे वृक्षावर त्याची फांदी लांबलचक दिसते. अशा लांब फांद्या विश्लेषणात चुकीच्या जागी चिकटू शकतात, हा जुना, माहितीतला धोका आहे. लेखक दोष लपवत नाहीत, उलट सारांशातच सांगतात. माझा मुद्दा एवढाच: जागा अजून पूर्ण पक्की नसलेल्या गटाला उपकुलाची पायरी द्यायची घाई का?

नाव कोणाकडे राहणार?

आता बाभळीची गोष्ट आठवा. सेलाजिनेलाचा टाइप आहे सेलाजिनेला सेलाजिनॉइडिस, उत्तरेकडच्या थंड प्रदेशातली. तिची पानं सगळी सारखी आणि बाकीच्यांत दिसणारा मूळधारक तिला नसतो. तिची सख्खी नातेवाईक एकच, हवाईतली सेलाजिनेला डिफ्लेक्सा. या दोघी एका बाजूला आणि बाकी सगळ्या दुसऱ्या बाजूला, ही या कुलातली पहिली फूट.

म्हणजे नियमाप्रमाणे वंश फोडला, तर 'सेलाजिनेला' हे नाव या दोन जातींकडे राहणार! बाकी ७५० जणींना नवी नावं. २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये जिचा जीनोम प्रसिद्ध झाला आणि जिच्यावर तेव्हापासून असंख्य प्रयोगशाळा काम करतायत, ती सेलाजिनेला मोलेनडॉर्फी; मध्य भारतातल्या खडकांवर वाढणारी, बाजारात 'संजीवनी' म्हणून विकली जाणारी सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस; दोघींचंही नाव जाईल. लेखकांना हे दिसतंय, म्हणून सेलाजिनेला फ्लॅबेलाटा ही जात नवा टाइप करावी या मागणीला ते पाठिंबा देतात. त्याने नुकसान कमी होईल. पण हा उपाय म्हणजे अडचणीची कबुलीच आहे. ज्या फोडणीसाठी आधी टाइप बदलायचा अर्ज करावा लागतो, ती फोडणी करायलाच हवी होती का? अकेशियात पर्याय नव्हता, म्हणून तो सगळा त्रास सोसला. इथे पर्याय आहे, उपवंश.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा

टीका लिहिताना समोरच्याचा कमजोर मुद्दा धरून बसू नका. सर्वांत मजबूत मुद्दा घ्या. माझ्या मते तो असा: उपवंश कोणी वापरत नाही. दोन शब्दांच्या नावात तो दिसत नाही, हर्बेरियमच्या पाकिटावर सहसा नसतो, डेटाबेसमध्ये शोधता येत नाही. त्यामुळे एखादा पर्यावरण-अभ्यासक 'सेलाजिनेला, चार जाती' असं लिहून मोकळा होतो आणि त्या चार जाती कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्यात हे कुणाला कळतच नाही. वंश वेगळे केले की हा फरक नावातच दिसतो.

हे खरं आहे. दुसरा प्रश्नही तितकाच योग्य आहे: लायकोपोडियमच्या कुलात १६ वंश मान्य करता, मग इथे १९ का नकोत? तिथेही १९८७ मध्ये ओलगार्डने चारच वंश ठेवले होते. १६ हा आकडाही काही वृक्षाने सांगितलेला नाही, आणि त्यातले काही वंश तर एकेका जातीचे आहेत. 'पीपीजी-१' आल्यावर 'हे वंश फार झाले' अशी टीका २०१८ मध्ये ख्रिस्टनहुझ आणि चेस यांनी केली, आणि 'पीपीजी'वाल्या काहींनी उत्तरही दिलं. दोन्ही बाजू 'टॅक्सॉन'च्या त्याच वर्षात आहेत. जोडीने वाचा, वाद सभ्यपणे कसा घालायचा तेही कळेल.

माझं उत्तर असं. लायकोपोडियमच्या कुलात किंमत आधीच मोजून झालीय, आणि ती किती आहे ते एका जातीवर दिसतं. पश्चिम घाटातही सापडणारी एक जात लिनियसने १७५३ मध्ये लायकोपोडियम सर्नुअम म्हणून नोंदवली. नंतर ती पाल्हिन्हेया सर्नुआ झाली, मग लायकोपोडिएला सर्नुआ, आणि 'पीपीजी-१'नुसार आता पुन्हा पाल्हिन्हेया. तुम्ही तिच्यावर संदर्भ शोधायला बसलात, तर तिन्ही नावांनी शोधावं लागतं. एक नाव सुटलं की दहा-वीस वर्षांचं काम हातातून सुटतं. हे एका जातीचं झालं. सेलाजिनेलात हाच प्रकार शेकडो जातींना लागू होईल, आणि बदल्यात जे मिळेल ते उपवंश लिहायची शिस्त पाळली तरी मिळतं. ती शिस्त आपण पाळत नाही हा आपला आळस आहे. त्याची शिक्षा नावांना कशाला?

तुमच्या प्रबंधात काय कराल?

उद्या तुम्ही एखाद्या तालुक्याची वनस्पतिसूची कराल किंवा एखाद्या जातीतल्या रसायनांवर काम कराल. तेव्हा हा वाद तुमच्या टेबलावर येणार. मार्गदर्शक एक म्हणतील, बहिःस्थ परीक्षक दुसरं. म्हणून चार गोष्टी करा.

कुठलं वर्गीकरण पाळलंय ते 'साहित्य आणि पद्धती'त एका वाक्यात लिहा, सालासकट. 'पीपीजी-१ प्रमाणे' एवढं लिहिलं तरी परीक्षकाचा अर्धा प्रश्न संपतो. सेलाजिनेला असेल तर नावासोबत उपवंश द्या आणि तो कोणाचा, २०१५ चा की २०१६ चा, तेही सांगा, कारण दोघांच्या सीमा वेगळ्या आहेत. २०२३ च्या निबंधातलं नाव समानार्थी म्हणून कंसात नोंदवा. उद्या तेच सर्वमान्य झालं, तर तुमचं काम शोधणाऱ्याला सापडेल. आणि सर्वांत महत्त्वाचं, नमुना हर्बेरियममध्ये जमा करा आणि त्याचा क्रमांक प्रबंधात छापा. नाव पुढे दहा वेळा बदलेल, पण पाकिटातलं झाड तेच राहील. ज्या कामात नमुन्याचा क्रमांकच नाही, तिथे लेखकाने नक्की कुठली जात घेतली होती हे नंतर कोणीही ठरवू शकत नाही.

वर्गीकरणाचा कुठलाही निबंध वाचताना हे प्रश्न समासात लिहून ठेवा: जुना गट मोनोफायलेटिक होता का? नसेल तर बदल लागतोच, पुढे वाचा. असेल तर विचारा, पायरी का बदलली? किती जातींचा डीएनए घेतला आणि उरलेल्या कशावरून वाटल्या? टाइप कोणाकडे जातो? आणि हातात भिंग घेऊन रानात उभ्या असलेल्या माणसाला नवा वंश ओळखता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र घरी बसून मिळणार नाही. पावसाळ्यात घाटातल्या ओल्या दरडींवर सेलाजिनेला असतेच. फार उपटू नका, शंकू आलेली एक फांदी पुरे. पानं दोन आकारांची आहेत का, शंकूतली बीजाणुपर्णं सारखी आहेत की वरची-खालची वेगळी, मूळधारक खोडाच्या कुठल्या बाजूने निघालाय, एवढं भिंगाखाली बघा आणि २०२३ च्या निबंधातली किल्ली पायरी-पायरीने लावा. कितव्या पायरीला अडलात ते खाली प्रतिक्रियांत लिहा, जिल्ह्याच्या नावासकट. पुढच्या पोस्टमध्ये ती उत्तरं एकत्र मांडते. तुम्ही सगळे न अडता वंशापर्यंत पोचलात, तर माझ्या तिसऱ्या शंकेचं वजन बरंच कमी होईल, आणि तेही मी तिथेच लिहीन.